घरबसल्या एम्. ए.

दिवाळी अंकात एखादा टीकालेख छापण्याचा संपादकांचा परिपाठ जुना आहे, आणि तो सर्वांत शेवटी वाचण्याचा वाचकांचा परिपाठही तितकाच जुना आहे. आधी कथा, मग व्यंगचित्रे, मग राशिभविष्य, आणि चकल्यांचा डबा तळाला गेला म्हणजे टीकालेख. याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण प्रस्तुत लेखकही अंक त्याच क्रमाने वाचतो. परंतु या खेपेचा विषय पुष्कळ घरांतलाच आहे. आपल्या सूनबाई, आपला धाकटा भाऊ किंवा निवृत्त झालेले मामा रात्री दहानंतर कानांत ती छोटी यंत्रे घालून काय ऐकत बसतात, आणि त्यातून त्यांना वाङ्मय कितपत भेटते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आमचे वाकड हे मुळात म्हातोबाचे गाव. चैत्री पौर्णिमेचे बगाड हिंजवडीहून वाकडला येते, ती प्रथा अजून चालू आहे. बाकीचे गाव मात्र ओळखू येऊ नये इतके पालटले. 1997 साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले, शेजारच्या हिंजवडीत संगणकाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि ज्वारीच्या रानांवर मजल्यांवर मजले चढले. या मजल्यांत अमरावतीची माणसे आहेत, जळगावची आहेत, सावंतवाडीची आणि बेळगावचीही आहेत. सकाळी एकाच लिफ्टमध्ये वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी आणि बेळगावी मराठी शेजारीशेजारी गप्प उभ्या असतात. तळमजल्यावर दार उघडले की चौघीही सारखीच पुस्तकी मराठी बोलू लागतात; नाहीतर हिंदी.

या माणसांपैकी काहींनी हल्ली घरबसल्या एम्. ए. करायला घेतले आहे. कोणी मराठी घेतले, कोणी इतिहास, कोणी तत्त्वज्ञान. ज्याला वडिलांनी इंजिनिअर केले आणि ज्याचा जीव कवितेत अडकला होता असा एक वर्ग यांत आहे. लग्नाआधी बी. ए. झालेल्या आणि नंतर पंधरा वर्षे डबे भरलेल्या बायका आहेत. चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाणारा आणि कंपनीच्या बसमध्ये भाषाविज्ञानाचे व्याख्यान ऐकणारा एक तरुणही माझ्या माहितीचा आहे. पगारवाढीसाठी हे करणारे थोडेच. बाकीच्यांना विचारले तर ते जरा लाजतात आणि ‘असंच, आवड म्हणून’ असे म्हणतात. मला हे लाजणे फार मोलाचे वाटते. ज्या गोष्टीचा काही उपयोग सांगता येत नाही ती दिवसाच्या शेवटच्या दोन तासांत, डोळे चुरचुरत असताना करणारा माणूस हा वाङ्मयाचा खरा धनी होय. त्याच्या पदरात काय पडते हे पाहणे टीकाकाराच्या कामाबाहेरचे आहे असे मला तरी वाटत नाही.

प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच त्याचा व्याप. तेव्हा हा पदवीधराचा अभिप्राय नव्हे हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

घरी बसून शिकणे ही काही आजची टूम नाही. न्यायमूर्ती रानडे रात्री रमाबाईंना शिकवीत आणि घरातल्या बायका दिवसा त्याचा सूड घेत, हे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या 1910 सालच्या पुस्तकात रमाबाईंनी लिहून ठेवलेले आहे. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर घरीच अक्षरे शिकल्या आणि त्याच अक्षरांतून पुढे ‘स्मृतिचित्रे’ झाले. लंडन विद्यापीठाने तर 1858 साली कॉलेजात पाऊलही न टाकलेल्या विद्यार्थ्याला पदवीची परीक्षा मोकळी करून दिली. आपल्या देशात पहिले मुक्त विद्यापीठ हैदराबादेस 1982 साली निघाले, दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 साली, आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य. आणि बारावीची पायरी न चढलेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढून त्या विद्यापीठाने ते नुसते भिंतीवर राहू दिले नाही. आता 2020 च्या नियमांनी सबंध पदवी ऑनलाईन देण्याची वाट रुंद झाली, आणि सप्टेंबर 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केले की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ अथवा ऑनलाईन पदवी ही कॉलेजात जाऊन मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीची मानावी.

हे योग्यच झाले. मराठी भाषा स्वतःच एके काळी मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून बाहेर पडली होती आणि तिला परत आत घेण्यासाठी रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली. जी भाषाच काही काळ बहिःस्थ होती, तिने बहिःस्थ विद्यार्थ्याकडे नाक मुरडू नये. शिवाय एम्. ए.च्या वर्गात आज कोण शिकवले जाते पाहा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठालाच त्यांचे नाव आहे. नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. त्यांच्या 1966 सालच्या संग्रहाचे नाव ‘माझे विद्यापीठ’. त्या नावातल्या विद्यापीठाला ना कुलगुरू ना हजेरीपट. तो संग्रह नेमून त्यावर दहा गुणांचा प्रश्न काढणाऱ्यांच्या मनात काय येत असेल, हा विचार मला अधूनमधून करमणूक करून जातो.

आता या घरबसल्या अभ्यासाचे वाङ्मय पाहू. विद्यार्थ्याच्या हाती पडते ते स्वयं-अध्ययनाचे पुस्तक. कागदावर छापलेले असो की पडद्यावर दिसणारे, त्याचा घाट ठरलेला. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मग प्रास्ताविक, मग विषय-विवेचन, मध्येमध्ये आपली आपण उत्तरे तपासण्याचे प्रश्न, शेवटी सारांश आणि स्वाध्याय. हजारो मराठी वाचक कवितेविषयी आणि कादंबरीविषयी जे काही वाचतात ते या पुस्तकांतून वाचतात. पण या पुस्तकांचे परीक्षण केलेले माझ्या वाचनात नाही. नामवंत समीक्षकाच्या दोनशे पानी ग्रंथावर चर्चासत्रे होतात आणि ज्या मजकुराने एका पिढीची वाङ्मयीन समजूत घडते तो मजकूर कोणी उलगडूनही बघत नाही.

मी यांतली काही पुस्तके मन लावून वाचली. त्यांचा पहिला गुण असा की ती वाचकाला ‘तुम्ही’ म्हणून हाक मारतात. आमच्या थोर समीक्षेला ही सवय नाही. ती बहुधा दुसऱ्या समीक्षकाशी बोलते आणि वाचकाने ते दाराआडून ऐकायचे असते. या पुस्तकांचा लेखक मात्र समोर कोणी एकटे माणूस बसले आहे, त्याला विचारायला शेजारी कोणी नाही, हे जाणून लिहितो. वाक्ये लहान ठेवतो. अवघड शब्द आला तर थांबून अर्थ सांगतो. रूपक आणि प्रतीक यांतला फरक इतक्या सरळ मराठीत सांगितलेला मी मान्यवर ग्रंथांतही क्वचित पाहिला आहे.

दोष आहे तो उद्दिष्टांपाशी. हा घटक वाचून झाल्यावर तुम्हांला काय काय सांगता येईल, याची यादी कादंबरीचे नावही येण्याआधी हजर. म्हणजे मुलगी पाहायला जाण्याआधीच नातवंडांची नावे ठेवून मोकळे! रंग देण्याच्या किंवा यंत्र जुळवण्याच्या शिक्षणात ही यादी उपयोगी असेल. वाङ्मयात ती घातक होते, कारण विद्यार्थी मग कादंबरीत त्या यादीतल्या वस्तूच शोधतो. त्या सापडल्या की कादंबरी संपली. पुष्कळदा मूळ कादंबरी हातातही घ्यावी लागत नाही. कथानक घटकात दिलेले, व्यक्तिरेखा घटकात दिलेल्या, भाषेची वैशिष्ट्ये उदाहरणांसह दिलेली. अप्पा बळवंत चौकापर्यंत जाऊन पुस्तक आणायचे कशाला?

व्याख्यानांचेही तेच. चित्रफितीला वेग वाढवण्याची सोय असते, आणि दिवसाच्या शेवटी दोनच तास हाती असलेला माणूस ती वापरणारच. त्या बसमधल्या तरुणाने मला अभिमानाने सांगितले की तो ज्ञानेश्वरीवरची व्याख्याने दीडपट वेगाने ऐकतो. ओवीला इतकी घाई सातशे वर्षांत कधी झाली नसेल! पण त्याला हसणे सोपे आहे. एकच वेग असलेली व्याख्याने आम्ही कॉलेजांत ऐकवली तेव्हा मुले खिडकीबाहेर पाहत असत असे तिथून आलेले सांगतात.

आता मी एका उत्तराची हकीकत सांगतो, कारण माझे म्हणणे त्या उत्तरात आहे. आमच्या शाळेत एका मुलाच्या आई पालकसभेला येतात. माहेर अमरावती जिल्ह्यातले, यजमान हिंजवडीत नोकरीला. मी कादंबऱ्या लिहितो हे कळल्यावर त्यांनी आपला एम्. ए.चा तपासून आलेला स्वाध्याय एकदा मला वाचायला दिला. प्रश्न उद्धव शेळक्यांच्या ‘धग’वर होता, प्रादेशिक कादंबरी म्हणून तिची वैशिष्ट्ये सांगा, अशा अर्थाचा.

‘धग’ 1960 साली आली. विदर्भातल्या एका खेड्यात दारिद्र्याशी एकटीने झुंजणाऱ्या कौतिकची ती कहाणी. नवरा महादेव घरात असून नसल्यासारखा. संवाद वऱ्हाडीत. मराठी समीक्षेने तिला प्रादेशिक कादंबरीच्या खणात ठेवले. त्या खणात आधीपासून श्री. ना. पेंडशांचा 1952 चा ‘गारंबीचा बापू’ आणि व्यंकटेश माडगूळकरांची 1955 ची ‘बनगरवाडी’ बसलेली होती. एक कोकण, एक माणदेश, एक वऱ्हाड. खण भरला, कुलूप लावले.

या बाईंनी उत्तराची पहिली दोन पाने घटकात होती तशी लिहिली होती: निसर्ग, बोली, चालीरीती. तिसऱ्या पानावर हात सुटला होता. त्यांनी विचारले होते की ‘धग’ प्रादेशिक कोणाच्या दृष्टीने? आपल्या आईच्या घरात बोलतात तशीच कौतिक बोलते. तिथे वाचणाऱ्याला ती नुसती कादंबरी आहे. उलट पुण्याच्या बंगल्यांत आणि कॉलेजांत घडणाऱ्या ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्या आपण लहानपणी गावी वाचल्या तेव्हा त्यांतली टेनिसची मैदाने आणि चहाची टेबले आपल्याला परक्या मुलखातली वाटली होती. मग फडके प्रादेशिक का नाहीत? भेटीतही त्या मला हेच म्हणाल्या, “आमच्या इकडे सारेच असे बोलतात, सर. यात प्रादेशिक काय आहे?”

माझ्या मते ही दीड पानाची समीक्षा आहे. आणि ती अशी आहे की कोणाही अभ्यासकाने तिच्यापाशी थांबावे. प्रादेशिक हा शब्द आपण जागेचे वर्णन म्हणून वापरतो, पण त्यात पाहणाऱ्याची जागा गृहीत धरलेली असते. पाहणारा पुण्यामुंबईचा. त्याच्या गावाला प्रदेश म्हणत नाहीत. जसे आपल्या स्वतःच्या बोलण्याला आपण कधी हेल म्हणत नाही. प्रश्न लिफ्टमधल्या त्या चार बोलींचाच आहे, आणि तो विचारायला वाकडात राहणारी वऱ्हाडी बाई लागली. तिच्याकडे वऱ्हाडचे कान होते आणि पुण्याजवळची खिडकी होती.

या उत्तराला दहापैकी सात गुण होते. सात म्हणजे वाईट नव्हे. पण तिसऱ्या पानाशेजारचा समास कोरा होता. सबंध उत्तरपत्रिकेत तपासणाऱ्याच्या हातचा एकही शब्द नव्हता. प्रत्येक पानाच्या तळाशी एक बरोबरची खूण, तेवढीच. दुसऱ्या पानाखालची खूण आणि तिसऱ्या पानाखालची खूण हुबेहूब सारख्या. बाईंना त्या सात गुणांचे काही नव्हते. “त्यांना पटलं नाही म्हणून कापले, की वाचलंच नाही?” एवढेच त्यांना हवे होते, आणि ते सांगणारे कोणी नव्हते.

दूरस्थ शिक्षणाच्या मूळ कल्पनेत हा समास कोरा राहायचा नसतो. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाने 1971 साली विद्यार्थी घेतले तेव्हापासून ही पद्धत अशी समजली जाते की स्वाध्याय तपासणे हेच शिकवणे होय. वर्ग नाही, फळा नाही, तेव्हा शिक्षक भेटायचा तो लाल शाईतून. आपल्याकडेही स्वाध्यायाला गुण आहेत. इंदिरा गांधी विद्यापीठात साधारणतः तीस टक्के स्वाध्यायाला आणि सत्तर परीक्षेला अशी वाटणी असते. गुण राहिले आणि शाई वाळली. तपासणाऱ्याला उत्तरपत्रिकेमागे ठरावीक मोबदला, पुढ्यात गठ्ठा, आणि गठ्ठ्यात निम्म्याहून अधिक उत्तरे घटकातूनच उतरलेली. तयार उत्तरे बाजारात विकतही मिळतात. अशा ढिगातून तिसऱ्या पानावरचे ते दीड पान हाती लागावे कसे? शाळेत साठ वह्या तपासून उठणाऱ्याला तपासणाऱ्याचा राग येत नाही. साठाव्या वहीपर्यंत मीही खुणाच करीत असतो. पण माझ्या वह्यांतली मुले दुसऱ्या दिवशी समोर येऊन विचारू शकतात. या बाई कोणासमोर जाणार?

कोणी म्हणेल, यापेक्षा कॉलेजचा वर्ग बरा. हे गोड स्वप्न मला मान्य नाही. टिपणे सांगणारे प्राध्यापक आणि ती उतरवून घेणारे विद्यार्थी या जोडीने मराठी वर्गांत कित्येक दशके काढली. 1963 साली आलेली नेमाड्यांची ‘कोसला’ वाचा. पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या कॉलेजातून काय घेऊन सांगवीला परततो? (ही सांगवी खानदेशातली, आमच्या शेजारची नव्हे. वाकडच्या वाचकांचा हा घोटाळा मी प्रत्यक्ष पाहिला आहे.) वर्गाची खरी मातबरी वर्ग सुटल्यावर चहाच्या टपरीवर असते, तिथे कोणीतरी म्हणते की सरांचे आज चुकले, आणि दुसरा म्हणतो, तुझेच चुकते. ही टपरी घरबसल्या अभ्यासाला कुठून आणायची, हा पेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाला तो ठाऊक नव्हता असे नाही. ऑनलाईन अभ्यासक्रमाच्या रचनेत त्याने चार भाग सांगितले: चित्रफीत, वाचनाचा मजकूर, चर्चा आणि मूल्यमापन. पहिला, दुसरा आणि चौथा भाग एकदा तयार केला की वर्षानुवर्षे चालतो. चर्चेला मात्र दर वर्षी, दर विद्यार्थ्यामागे जिवंत माणूस लागतो. साहजिकच काटकसर तिथे होते.

संस्थेने दुसरे काही न करता एवढे केले तरी पुष्कळ होईल: प्रत्येक स्वाध्यायावर तपासणाऱ्याने निदान चार ओळी लिहाव्यात, आणि त्या ओळींना विद्यार्थ्याने चार ओळींचे उत्तर द्यावे, त्या उत्तरालाही गुण असावेत. चार ओळी लिहायला जो वेळ लागतो त्याचा मोबदला वाढवावा. फी त्यामुळे थोडी वाढेल. वाढू द्यावी.

त्या कोऱ्या समासाचे मात्र मला राहवेना. मी बाईंना दोन पानांचे पत्र लिहिले. तुमचा फडक्यांचा मुद्दा मला मान्य आहे, असे लिहून पुढे म्हटले की तरीही ‘धग’ आणि ‘बनगरवाडी’ यांत काही समान आहे हे तुम्ही नाकारू नका. दोन्हींत गाव हेच कादंबरीचे मुख्य पात्र होऊ पाहते, आणि प्रादेशिक या शब्दाला निदान एवढा अर्थ शिल्लक राहतो. पत्र मुलाच्या दप्तरातून गेले.

चार दिवसांनी दप्तरातूनच उत्तर आले. त्यांनी मधल्या काळात ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचून काढली होती. त्या लिहितात, ‘बनगरवाडी’ एक मास्तर सांगतो. औंध संस्थानची नेमणूक घेऊन तो धनगरांच्या वाडीवर येतो, ती पाहतो, तिच्यावर जीव लावतो आणि शेवटी निघून जातो. ‘धग’मध्ये बाहेरून आलेले असे कोणी नाही, कौतिकला निघून जायला दुसरी जागा नाही. तेव्हा ज्या कादंबरीत पाहणारा आहे आणि जीत नाही, त्या दोन्ही एका खणात ठेवणे त्यांना पटत नाही.

मी उलट कळवले की मास्तर काही पुण्याहून आलेला नाही, तोही त्याच मुलखातला, तीच भाषा ऐकत वाढलेला. त्याला परका म्हणणे अन्याय आहे. यावर त्यांची एकच ओळ आली: “सर, हातात सरकारी हुकूम घेऊन आलेला माणूस आपल्याच मुलखातला असला तरी आपला असतो का?”

प्रश्न मास्तराला विचारलेला आहे आणि मीही मास्तर आहे. या पत्राचे उत्तर अजून माझ्याकडून गेलेले नाही. ‘बनगरवाडी’ मात्र पुन्हा काढून ठेवली आहे. त्यांची सत्रपरीक्षा दिवाळीनंतर आहे, आणि या खेपेच्या घटकात ‘गारंबीचा बापू’ आहे असे मुलाने सांगितले.